वाढत्या अंगाचं शिवणारी

आमच्या गोदामात तिला सगळे ‘कधीपासून’ म्हणत. तोंडावर ‘ताई’ आणि पाठीमागे ‘कधीपासून’. वर्षभराने ते तोंडावरही ‘कधीपासूनताई’ झालं. तिला काहीही सांगा, तिचा पहिला प्रश्न ठरलेला. मी म्हटलं, “त्या भागात गाडी गुरुवारी जाते.” ती म्हणाली, “कधीपासून?” मी म्हटलं, “जिने चढायचे असतील तिथे दोन माणसं पाठवायची, असा नियम आहे.” “कधीपासून? आणि त्याआधी काय होतं?” आमच्या गाडीवरच्या चालकाला सगळे मामा म्हणतात. मामा एकदा कंबर धरून बाकावर बसले होते. तिने विचारलं, “मामा, कंबर दुखतेय?” मामा म्हणाले, “हो. आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो, परवापासून.”

मी लिहिणारा माणूस नाही. एकतीस वर्षं गोदाम सांभाळलं, त्यात याद्यांपलीकडे काही लिहिलं नाही. तिच्याविषयी कुणीतरी लिहावं असं मनात येई, आणि ते कुणीतरी मी नव्हे असंही. पण आमची ही म्हणाली, “त्या मंगळवारची गोष्ट तुमच्याइतकी कुणाला ठाऊक आहे? चूक करायला पुढे होतात, लिहायला मागे का?” हिच्यापुढे माझं काही चालत नाही.

आधी गोदामाबद्दल सांगायला हवं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसांना घरी लागणाऱ्या पिशव्या आम्ही पोचवायचो. अशा माणसाच्या पोटात एक नळी कायमची बसवलेली असते. दिवसातून चार वेळा त्या नळीला औषधी पाण्याची पिशवी जोडायची, पाणी पोटात सोडायचं, आणि काही तासांनी अंगातली घाण घेऊन ते बाहेर काढायचं. एवढं नीट केलं की माणूस घरात राहतो, कामाला जातो, मुलांना ओरडतो. सगळी मदार नळी आणि पिशवी यांच्या जोडावर. जोड सैल असला, हात नको तिथे लागला, तर जंतू थेट पोटात. मग दोन दिवसांत माणूस हाताबाहेर जातो. एखादी पिशवी तीन-चार तास उशिरा लावली तर चालतं, पण भलतीच पिशवी जबरदस्तीने जोडली तर चालत नाही. हे मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि एकतीस वर्षं ते माझ्या उशाशी होतं.

चारशे घरं होती. प्रत्येक घराची पिशवी वेगळी, संख्या वेगळी, वार वेगळा. ती येण्याआधी आमच्याकडे बाहेरच्या लोकांनी बनवलेली एक मोठी सिस्टिम होती. घेतली त्या दिवशी ती अगदी बरोबर होती, आणि दुसऱ्या दिवसापासून चुकू लागली. डॉक्टरांनी चाराच्या तीन पिशव्या केल्या, कुणी घर बदललं, एखाद्या रस्त्यावर दुपारी गाड्या बंद झाल्या, की तिला कळायचं नाही. बदल हवा तर पत्र लिहायचं आणि दीड महिना वाट बघायची. तोवर आम्ही भिंतीवर चिठ्ठ्या लावायचो. शेवटी शेवटी भिंतच खरी आणि सिस्टिम खोटी अशी स्थिती आली. पंखा लावला की आमचं निम्मं गोदाम उडायचं.

तेव्हा साहेबांनी तिला नेमलं. चाळिशीची, बुटकी, पायांत कापडी बूट, खांद्याला झोळी. आम्हाला वाटलं, आता ही संगणक उघडणार. तिने आठ आठवडे संगणकाला हात लावला नाही. माझ्या शेजारी खोक्यावर बसायची आणि विचारायची. मी मुळात घुमा. पहिले चार दिवस ‘हो’, ‘नाही’ आणि ‘मला काय माहीत’ यापलीकडे गेलो नाही. पाचव्या दिवशी ती म्हणाली, “काका, मला अहो-जाहो करू नका, आणि तुम्ही काय करता ते सांगू नका. काय काय बदललं तेवढं सांगा.” मी बोलू लागलो. चुकलेल्या, बदललेल्या, मोडलेल्या गोष्टी मला फार पाठ होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा कुणाला उपयोग होत होता.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “माझे वडील शाळेचे गणवेश शिवायचे. वाढत्या अंगाचं शिवायचं. आत दोन बोटं कापड दुमडून ठेवायचं. पोर वाढलं की शिवण उसवायची, नवा सदरा घ्यायचा नाही. पण काका, दुमडायचं कुठे हे कळायला लागतं. पोर लांबीला वाढतं, छातीला वाढतं. तिथे कापड हवं. सगळीकडेच दोन-दोन बोटं ठेवली तर ते गोणपाट होईल. म्हणून मी विचारत बसते, तुमचं पोर कुठे कुठे वाढतं.”

तिने केलेली सिस्टिम मला कळली तेवढी सांगतो. तिच्यात काहीच खोडायचं नसे. पत्ता बदलला तर जुना पत्ता तसाच राही, पुढे ‘अमुक तारखेपर्यंत’ लागे आणि नवा ‘अमुक तारखेपासून’ सुरू होई. नियम म्हणजे साध्या मराठीतल्या ओळी होत्या, आणि त्या आम्ही बदलू शकत होतो. फक्त कोणी बदलली आणि का, हे लिहिल्याशिवाय ओळ पुढे सरकत नसे. एकदा नदीवरचा पूल अचानक बंद झाला आणि ती रजेवर होती. मी, ज्याला घरचा दूरदर्शन लावताना नातीला हाक मारावी लागते, त्या मी तीन ओळी बदलल्या आणि बावीस घरांचा माल दुसऱ्या रस्त्याने गेला. कारणाच्या जागी लिहिलं, ‘पूल बंद’. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, “बरं झालं. आता तेवढी गॅसची टाकी बदला.”

आता चुकीकडे येतो. टाळून उपयोग नाही.

त्या आठ आठवड्यांत तिने मला एक उलटा प्रश्न विचारला होता. “काका, इथे कधीच न बदलणारं असं काय आहे?” मी फार विचार न करता म्हणालो, “मालाचा नंबर. खोक्यावर जो नंबर तोच माल. कारखाना बुडेल पण नंबर बदलायचा नाही.” तिने ते लिहून घेतलं आणि थोडा वेळ पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, “तरी आपण प्रत्येक खोक्याचा बॅच नंबरही वाचू. कुठल्या दिवशी, कुठल्या घाण्यात भरलं ते.” मी विचारलं, “कशाला?” ती म्हणाली, “तुम्ही ‘कधीच’ म्हणालात म्हणून.”

तर प्रत्येक खोकं आत घेताना हातातल्या स्कॅनरने त्याची पट्टी वाचायची, असं ठरलं. माल यायचा लाकडी पॅलेटवर, एकावर चाळीस खोकी रचून. पॅलेट भिंतीला लावून ठेवायचं, कारण मधे गाडीला वळायला जागा लागायची. निम्म्या खोक्यांच्या पट्ट्या भिंतीकडे. त्या वाचायच्या तर खोकी उतरवायची, वाचायची, पुन्हा रचायची. एक खोकं तेरा किलोचं, आणि माझे गुडघे तेव्हाच रजेचा अर्ज देत होते. तिसऱ्याच आठवड्यात आमच्या हमालाने युक्ती काढली. वरच्या खोक्याच्या पट्टीवर स्कॅनर धरायचा आणि चाळीस वेळा दाबायचा. टिक, टिक, टिक. मिनिटभरात पॅलेट आत. मी बघितलं आणि बोललो नाही. नंबर तोच, माल तोच, मग बिघडतं काय? महिन्याभरात मीही तेच करू लागलो, आणि त्या टिकटिकीला मी हमालापेक्षा जलद होतो.

तीन वर्षं काही बिघडलं नाही.

मग कारखान्याने पिशवीचा जोड बदलला. जुना फिरवून बसायचा, नवा दाबून बसणार होता. नवा जास्त सुरक्षित होता म्हणे. दवाखान्यातल्या सिस्टर एकेका रुग्णाला बोलावून त्याच्या नळीचं टोक बदलणार, त्याला चार महिने लागणार, तोवर काही घरी जुना जोड, काही घरी नवा. आणि कारखान्याने नंबर तोच ठेवला. नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात एवढंच होतं, की अमुक बॅचपासून नवा जोड.

मी नोटीस घेऊन तिच्याकडे गेलो तेव्हा माझी मान खाली होती. ती हसली. म्हणाली, “बघा, कॉलरसुद्धा वाढली.” दुपारपर्यंत तिने सगळं बसवलं. रुग्णापुढे ‘जोड: जुना’ किंवा ‘नवा’ आणि कधीपासून. बॅचपुढेही तेच. आणि एक नवी ओळ: दोन्ही जुळल्याशिवाय खोकं द्यायचं नाही. साहेब खूश झाले. कुठलीही तयार सिस्टिम असती तर वर्ष गेलं असतं, असं चार लोकांसमोर म्हणाले. आठ दिवस सगळं सुरळीत चाललं.

मंगळवारी सकाळी पावणेदहाला दवाखान्यातून सिस्टरांचा फोन आला. एका घरी पिशवी उघडली तर जोड नवा, आणि रुग्णाची नळी जुनी. त्या घरात जुन्या पिशव्या शिल्लक होत्या आणि रुग्णाच्या मुलाला फरक कळला, म्हणून निभावलं. “पण हे एकच घर आहे का?” सिस्टरांनी विचारलं. “तुमच्याकडून असं कधी झालेलं नाही.”

फोन मी उचलला होता. मला आठवतं, मी “बघतो” म्हणालो आणि रिसीव्हर उलटा ठेवला.

पाच मिनिटांत ताई वरच्या मजल्यावरून खाली आली, मागोमाग साहेब. दोन गाड्या भरून उभ्या होत्या, अकराला निघायच्या होत्या. साहेबांनी मामांना किल्ल्या टेबलावर ठेवायला लावल्या आणि तिच्यापुढे उभे राहिले.

“कधीही बदलता येईल अशी सिस्टिम! बदलली ना? माणसाच्या पोटाशी बदलली.”

“साहेब, आधी घरं शोधू,” ती म्हणाली. “मला नंतर बोला.”

“कशातून शोधणार? तुमच्या याच मशीनमधून? ते म्हणतंय खोकं जुनं होतं. आणि घरात नवं निघालं. म्हणजे मशीन खोटं बोलतंय, आणि चारशे घरी काय गेलंय ते देव जाणे.”

ती पडद्याकडे बघत होती. एकेक नोंद खाली सरकवत होती. मग तिचा हात थांबला. मी तिच्या मागेच उभा होतो, मला दिसलं. गेल्या शुक्रवारी आलेलं एक पॅलेट. खोकी चाळीस. प्रत्येकापुढे आत घेतल्याची वेळ. पहिलं दहा वाजून बारा मिनिटं सात सेकंद. शेवटचं दहा वाजून तेरा मिनिटं पाच सेकंद. चाळीस खोकी अठ्ठावन्न सेकंदांत. आणि पुढे माझ्या नावाची अक्षरं.

तिने मान वळवून भिंतीला टेकलेल्या पॅलेटकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे.

साहेब बोलतच होते. खेळ मांडलाय, प्रयोग चाललेत, माणसं मरतील, मी वर कळवतो, ही सिस्टिम आज बंद. ती ऐकत होती. एकदा नुसतं “हो साहेब” म्हणाली. एकतीस वर्षांत मला कुणी चारचौघांत रागावलेलं नव्हतं. मी कधी पुढेच आलो नव्हतो, मग कोण रागावणार? भिंतीवर घड्याळ होतं. दहाला पाच कमी होते तेव्हा तिने नोंद बघितली. मी बोललो तेव्हा सव्वादहा झाले होते. ती वीस मिनिटं मला अजूनही कुणाला नीट सांगता येत नाहीत.

“साहेब,” मी म्हणालो, “मशीन खोटं बोललेलं नाही. मशीनशी मी खोटं बोललो.”

आणि सगळं सांगितलं. टिक टिक करूनही दाखवलं, कारण साहेबांना समजेना. हमाल दाराशी उभा होता. तो म्हणाला, “काकांना नका बोलू, युक्ती माझी.” मामा त्याला म्हणाले, “तू गप. बक्षीस वाटत नाहीयेत.”

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. ते मला काय बोलले असते कोण जाणे, पण ती मधेच उठली. “सगळी एका पॅलेटमधली आहेत,” ती म्हणाली. “कारखान्याने जुनं संपत आलं म्हणून खाली-मधे नवं भरून चाळीसचा आकडा पुरा केला असणार. बाकीची पॅलेटं अख्खी नवी किंवा अख्खी जुनी असतात. काका, चला. आता एकेक खोकं.”

मी गुडघ्यांचा विचार केला नाही. पॅलेटवर पंधरा खोकी उरली होती, त्यांत नऊ नवी निघाली. दोन गाड्यांत त्याच पॅलेटची अकरा होती. मामांनी अख्खी गाडी शिव्या देत रिकामी केली. त्यांत तीन नवी. ती प्रत्येक खोक्याची पट्टी स्वतः वाचत होती आणि मोठ्याने आकडा म्हणत होती. उरली चौदा, गेल्या दोन दिवसांत सहा घरी गेलेली. बाहेर जाताना आम्ही पॅलेटला लावलेली एकच चिठ्ठी वाचायचो, खोकं नाही. त्यामुळे कुठल्या घरी कुठलं गेलं हे कळायला मार्ग नव्हता. कारखान्याला फोन लावला. पॅलेटमध्ये सव्वीस जुनी, चौदा नवी, असं त्यांनी सांगितलं. आम्हाला बारा सापडली होती. तेरावं त्या मुलाच्या घरी होतं.

“एक राहिलं,” ती म्हणाली.

पाच घरं. सिस्टरांनी दोघांना फोन केला, आम्ही दोघांना. जुन्या जोडाचं टोपण निळं, नव्याचं पांढरं. “सगळी खोकी उघडा, टोपण निळं की पांढरं?” एक आजी निळं म्हणाल्या, मग पांढरं म्हणाल्या, मग चष्मा शोधायला गेल्या. तेवढ्यात साहेबांनी दोनदा घाम पुसला. निळं निघालं. चारही घरी निळं. अकराला दहा कमी.

पाचवा फोन उचलला जाईना. तो एक सुतार होता, पस्तिशीचा. चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहायचा, नवरा-बायको आणि भिंतीला टेकवलेल्या फळ्या. जागा नाही म्हणून बाकीच्यांसारखी दोन-तीन खोकी न घेता तो एका वेळी एकच घ्यायचा. तिने पडद्यावर बघितलं. शेवटची जुनी पिशवी आज सकाळी सातची. पुढची बाराला. घरात फक्त कालचं खोकं.

“उशीर झाला तर चालतं ना?” साहेबांनी सिस्टरांना फोनवर विचारलं. “दुपारी लावेल.”

सिस्टरांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “दुसरा कुणी असता तर थांबला असता. हा सुतार आहे हो. आमच्या वॉर्डातला मोडका स्टँड यानेच जोडून दिला. न बसणारी वस्तू बघितली की याचा हात शिवशिवतो. हा थांबायचा नाही. हा ते बसवील.”

मामांनी टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या. साहेब वाटेतून बाजूला झाले.

तिने निळ्या टोपणाचं खोकं मांडीवर घेतलं आणि गाडीत माझ्या शेजारी बसली. नेहमीच्या रस्त्याने पस्तीस मिनिटं लागायची. पहिल्याच सिग्नलला गर्दी. मामांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. ती सारखा फोन लावत होती. वाजायचा, वाजायचा आणि थांबायचा.

शाळेच्या कोपऱ्याशी अडकलो तेव्हा तिने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “कधीपासून, काका?”

मी म्हणालो, “तिसऱ्या आठवड्यापासून.”

“तीन वर्षं?”

“हो.”

मी म्हणालो, “तुला तिथे सगळ्यांसमोर सांगता आलं असतं. तुला दिसलं होतं.”

“मला दिसायला तीन वर्षं लागली,” ती म्हणाली. “वेळ तर मी पहिल्या दिवसापासून टिपून ठेवत होते. एकदाही वाचली नाही. आठ आठवडे तुमच्या मांडीला मांडी लावून बसले आणि मग वरच्या मजल्यावर जाऊन बसले. पट्ट्या भिंतीकडे येतात हे मी खाली असते तर मला दुसऱ्या दिवशी कळलं असतं. रस्ते बदलतील, डॉक्टर बदलतील, कारखाना बदलेल, सगळं धरलं. काम करणारा माणूस काम सोपं करून घेणारच, हे नाही धरलं.”

“चूक माझी आहे,” मी म्हणालो.

“आहेच,” ती म्हणाली. “पण तुमच्या एकट्याची आहे असं मानलं तर उद्या तुम्ही चाळीस खोकी उतरवाल, परवा वीस, आणि महिन्याभरात पुन्हा टिक टिक.” मला राग आला, कारण ते खरं होतं.

मामा पुढून म्हणाले, “तुमचा न्यायनिवाडा नंतर करा. डावीकडे घेऊ की सरळ?”

“डावीकडे,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

बाराला सात मिनिटं होती तेव्हा आम्ही खाली पोचलो. जिना अरुंद, कठडा एका बाजूला. खोकं मामांनी खांद्यावर घेतलं. ती पुढे धावली. मी दुसऱ्या मजल्यावर थांबलो, श्वास घेतला, पुन्हा चढलो. तिसऱ्या मजल्यावरच वरून भांडण ऐकू येऊ लागलं आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. भांडतोय म्हणजे अजून जोडलेलं नाही.

दार उघडंच होतं. खोलीत लाकडाचा वास. खिडकीशी खुंटीला नवी पिशवी टांगलेली. सुतार सदरा वर करून खुर्चीत बसलेला, पोटावरची नळी हातात, टेबलावर उकळलेल्या पाण्याचं पातेलं आणि स्वच्छ फडक्यावर एक लहानसं कडं. एका तोंडाला आटे, दुसरं तोंड गुळगुळीत. वापरून झालेल्या पिशवीच्या टोकाचं माप घेऊन, जुना आणि नवा जोड सांधायला त्याने ते सकाळीच कानशीने घासून केलं होतं. आणि त्याची बायको पिशवीची खालची नळी घट्ट मुठीत धरून, पिशवी आणि नवरा यांच्या मधोमध उभी होती.

“आधी सिस्टरांशी बोला,” ती म्हणत होती. “तोवर मी सोडणार नाही.”

“अगं, उकळून घेतलंय. वीस मिनिटं उकळलंय.”

“पातेल्यात काल बटाटे होते.”

“ताई,” आमची कधीपासूनताई धापा टाकत म्हणाली, “अजिबात सोडू नका.”

सुताराने आमच्याकडे बघितलं. मामांच्या खांद्यावरचं खोकं बघितलं. “नंबर तर तोच आहे,” तो चिडून म्हणाला. “मी तीनदा ताडून बघितला. नंबर तोच तर बसायला पाहिजे. मला वाटलं माझ्याच नळीचं काही बिघडलं.”

त्याचा फोन बायकोला सापडला तो फळ्यांच्या मागे, भुश्यात. त्यावर आमचे सव्वीस कॉल होते. ती त्याला म्हणाली, “बघितलंत? एवढ्या लोकांनी नको म्हटलं, मी एकटीच नाही.”

आम्ही हात धुऊन दाराशी उभे राहिलो. जुनं खोकं उघडलं, निळं टोपण. त्याने नेहमीच्या सवयीने हात धुतले, तोंडाला फडकं बांधलं, जोड फिरवून बसवला. टक्क असा आवाज आला आणि सकाळपासून पहिल्यांदा मला माझे गुडघे दुखत असल्याचं कळलं. मी न विचारताच खोक्यावर बसलो.

“तुमचं मशीन चुकलं का?” त्याने तिला विचारलं.

ती तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणालो, “मी चुकलो.” दुसऱ्यांदा ते थोडं सोपं गेलं. टिकटिकीची हकिगत त्यालाही सांगितली. माझ्यामुळे त्याच्या पोटात काय जाणार होतं हेही सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. बायको मला मारते की काय असं वाटत होतं, आणि मारलं असतं तर मी काही बोललो नसतो.

सुतार म्हणाला, “आजोबा, एकच फळी चाळीसदा मोजायची आमच्यातही पद्धत आहे. पण ती एकच फळी असते.”

मामा हसू दाबायला जिन्यात गेले.

मग त्याने ते कडं उचलून तिच्या हातात दिलं. “फेकून देऊ का? माप मात्र अगदी बरोबर घेतलं होतं.” तिने ते उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. म्हणाली, “बरोबर घेतलंत म्हणूनच भीती वाटते. बसलं असतं.”

पाणी आधी बाहेर यायचं, मग नवं आत जायचं. अर्धा-पाऊण तास लागतो. आमचं काम झालं होतं. खाली गाडी उभी होती, दुसऱ्या गाडीचा माल खोळंबला होता, साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला. “पोचलो, वेळेत,” एवढंच सांगून तिने तो बंद केला. ती उठली नाही, आणि मीही नाही. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, मी खोक्यावर. दोघांची नजर त्या खुंटीवरच्या पिशवीवर. निम्म्यावर आली. निम्म्याच्या खाली गेली. सुताराच्या बायकोने चहा टाकला. पातेलं बदलून, हे तिने मुद्दाम सांगितलं.

सुतार अवघडला. सदरा खाली ओढत म्हणाला, “अहो, बघत काय बसलात दोघं? दूध उतू जाणार आहे का?”

“जाऊ दे ना,” त्याची बायको म्हणाली. “बघू देत त्यांना. संपेपर्यंत बघू देत.”